२६९ चौरस फूट

‘माती स्वस्त, माती थंड, माती निसर्गाला जवळची, मग तुम्ही लोक सिमेंटच्या मागे का लागता?’ शहरातले सुशिक्षित मित्र मला असे विचारतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण मातीचे घर निवडणे आणि मातीच्या घरात राहावे लागणे यांतले अंतर त्यांच्या ध्यानात येत नाही. माझा जन्म कुडाच्या घरातला. तुराट्यांचा कूड, वर शेणमातीचा लेप. पावसाळा सरला की आई भिंती लिंपायला बसे, तीही दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आल्यावर. तिची ती मजुरी ‘स्वस्त घरा’च्या एकाही हिशेबात मला आजवर दिसलेली नाही. आमच्या माणसाला पक्के घर हवेसे वाटते, ते अडाणीपणामुळे नव्हे.

अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर लहान घरांचे आकर्षण वाढले. तिथल्या २०१८ च्या नमुना बांधकाम-संहितेत ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला ‘टायनी हाउस’ म्हटले आहे. आपल्या रमाई आवास योजनेत अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध कुटुंबाला मिळते ते घर २६९ चौरस फुटांचे. तिकडे ती जीवनदृष्टी ठरते, इकडे मंजुरीचा कागद!

असे असले तरी मातीचा विचार सोडून द्यावा, असे मला वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे गेली, तेव्हा ‘मातीच्या घरांनी मारले’ असे सरसकट बोलले गेले. वस्तुस्थिती निराळी होती. ओबडधोबड दगडांच्या, चिखलात रचलेल्या जाड भिंती होत्या. त्यांचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतवणारे लांब दगड घातलेले नव्हते. आणि वर माळवदाच्या मातीचे प्रचंड ओझे. भिंती फाकल्या, माळवद खाली आले. कुडाच्या झोपडीवर एवढे ओझे नसतेच. दोष मातीचा नव्हता, वजनाचा व जोडणीचा होता.

मातीचा खरा शत्रू पाणी. म्हणून जोते दगडी व उंच हवे, वळचण भिंतीपासून पुरेशी पुढे हवी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ‘अस्त्र’ हा विभाग निघाला. तिथे दाबून केलेल्या मातीच्या विटांवर पुष्कळ काम झाले. चाळलेल्या, वाळूमिश्रित मातीत शेकडा पाच ते आठ सिमेंट मिसळायचे, हातयंत्रात दाबायचे आणि तीनेक आठवडे ओले ठेवायचे. भट्टी नाही, सरपण नाही. शिवाय या भिंतीला दरसाल लिंपण लागत नाही. माझ्या दृष्टीने हा मुद्दा पहिला.

भाजलेली वीटच वापरायची असेल तर लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात रूढ केलेली रीत आहे. विटा कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडायची. नऊ इंचीच भिंत, पण विटा सुमारे चौथाईने कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत कमी येते. अडचण एवढीच की गवंड्याला ही रीत ठाऊक हवी. आपल्या वस्तीत गवंडीकाम करणारी पोरे कितीतरी आहेत; त्यांना हे शिकवायला कुणी येत नाही.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या घरी घरकुल मंजूर झाले. मी त्याला सांगितले, काचेच्या बाटलीत गावची माती निम्मी भर, पाणी घालून हलव आणि रात्रभर ठेव. वाळू तळाशी बसते, तिच्यावर गाळ, सर्वांत वर चिकणमाती. त्याने बाटली कॉलेजात आणली. तळाशी वाळूची जेमतेम बोटभर रेघ, वर सगळी काळी चिकण. अशी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिची वीट टिकत नाही. गावाबाहेरच्या माळावर मुरमाड माती आहे, असे तो म्हणाला. ‘पण सर, तिथं आम्हाला खणू कोण देणार?’