मामाचा काना

लग्नपत्रिकेच्या तळाशी घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावाने एक ओळ असते. 'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच ती वाचलेली आहे. पाच वर्षांपूर्वी माझ्या हातून ती 'माझ्या ममाच्या लग्नाला यायचं हं!' अशी गेली आणि तीनशे पत्रिका छापून झाल्या.

फोन आला तो नवऱ्यामुलाच्या बहिणीचा. म्हणजे त्या 'ममा'चाच. "बाई, माझं लग्न होऊन आठ वर्षं झाली हो," एवढंच ती म्हणाली. हसत म्हणाली की रागाने, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. तीनशे पत्रिका पदरच्या पैशाने परत छापून दिल्या. पैसे गेले त्याचं एक वेळ चालेल, पण पेडण्यासारख्या गावात अशी गोष्ट बाजारात पोचायला कितीसा वेळ लागतो? पुढचे दोन महिने लग्नाचं एकही काम आलं नाही.

मी घरच्या ओसरीवर डीटीपीची कामं करते. पत्रिका, जत्रेची हँडबिलं, दशावताराच्या जाहिराती, देवस्थानची पावतीपुस्तकं, भजनी स्पर्धेची प्रमाणपत्रं. मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे हात एकच. पत्रिकेचं प्रूफ त्या लोकांनी वाचून दिलं होतं, तेव्हा मामा मामाच होता. रात्री दहा वाजता 'अजून एका भाच्याचं नाव घाला' असा निरोप आला, म्हणून मी शेवटची ओळ नव्याने टाईप केली. चूक तिथे झाली.

आता यात कीबोर्डचा काय संबंध, ते सांगते. आपल्या सरकारने १९८०च्या दशकात भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट नावाची मांडणी ठरवली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. उजव्या हाताने 'क', डाव्याने काना. कुणी पखवाजावर हात चालवावा तसं ते चालतं. काना आहे इंग्रजी 'ई'च्या बटणावर आणि पाय मोडायचं हलंत त्याच्या खालीच, 'डी'वर. ही दोन्ही बटणं डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडे. मराठीत काना किती आणि जोडाक्षरं किती, याचा विचार करा म्हणजे त्या एका बोटाचे हाल कळतील. माझं ते बोट संध्याकाळी दुखायचं. आणि कीबोर्डवर पहिल्यांदा बसलं ते कान्याचंच बटण.

टायपिंग मी शिकले ती टाईपरायटरवर. तिथे काही अक्षरं अर्धीच असत, काना देऊन ती पूर्ण करायची. तिथेही कान्याचाच जुलूम, पण खिळा कागदावर आपटला की बोटाला कळायचं, अक्षर उमटलं. २०११ साली गोदरेजने टाईपरायटर बनवणं थांबवल्याच्या बातम्या जगभर झळकल्या, तोवर आमच्याकडच्या मशीनवर लोकांनी फुलदाण्या ठेवल्या होत्या. नंतर जे स्वस्त कीबोर्ड आले त्यांत बटणाखाली रबराची एक मऊ टोपी असते. ती दबून खालचे दोन पापुद्रे एकमेकांना टेकले की अक्षर उमटतं. रबर थकलं की बोट खाली जातं, पण अक्षर येतंच असं नाही आणि बोटाला त्याचा पत्ता लागत नाही.

डिचोलीचा माझा भाचा इन्व्हर्टर-यूपीएस दुरुस्तीचं काम करतो. वडील भजनात पेटी वाजवतात, गावच्या पेट्या उघडून सूर लावून देतात, तेव्हा खोलून बघायची खोड घरचीच. त्याने माझा कीबोर्ड दोन मिनिटं दाबून बघितला. "मावशे, हेचो रबर गेलो गो. तुका वाजणारो कीबोर्ड होयो."

वाजणारा म्हणजे मेकॅनिकल. यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच, स्विचमध्ये स्प्रिंग आणि धातूचे दोन संपर्क. तुम्ही तो बघितला नसेल असं नाही. टीव्हीएस गोल्ड नावाचा काळा, जड कीबोर्ड कितीतरी दुकानांच्या बिलाच्या काऊंटरवर खटखटत असे, आजही कुठे कुठे असतो. त्याच्या जुन्या मॉडेलांत चेरी या जर्मन कंपनीचे निळे स्विच असत. या निळ्या स्विचला कंपनीने सांगितलेलं आयुष्य एका बटणामागे पाच कोटी दाबांचं. बटण तळापर्यंत दाबावं लागत नाही, चार मिलिमीटरच्या प्रवासात अर्ध्यावर 'टिक' होतं आणि अक्षर उमटतं. टिक बोटाला लागते आणि कानालाही ऐकू येते.

नवा घ्यायची तेव्हा ऐपत नव्हती, पत्रिकांनी खिसा रिकामा केला होता. भाच्याने म्हापशाच्या एका भंगारवाल्याकडे तसाच जुना हुडकला. वरचं नाव पुसून गेलेलं, बटणं तेलकट, किंमत चारशे रुपये. पिन मात्र जुनी, गोल. चाळीस रुपयांचा जोड घेतला तर दिवासुद्धा लागेना. मग कळलं की नुसता जोड चालत नाही, आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो. त्याचे आणखी अडीचशे.

साफ करायचा दिवस आमच्याकडे सणासारखा गेला. आधी फोटो काढून ठेवला, हे महत्त्वाचं. नाही तर नंतर कुठलं बटण कुठे ते आठवत बसावं लागतं. वाकवलेल्या तारेने एकेक टोपी उपसली. आतून तांदळाचे दाणे, स्टेपलरच्या पिना, उदबत्तीची राख आणि एक वाळलेला कोळी निघाला. टोप्या साबणाच्या कोमट पाण्यात घातल्या. जुलै महिना, पेडण्याच्या पावसात वाळणार कशा? शेवटी फ्रिजच्या मागे, गरम हवा येते तिथे सुपात पसरून ठेवल्या. सासूबाईंनी विचारलं, "ही कसली वडी घातली गो?"

लावला, आणि काय सांगू! पहिल्याच ओळीत कान्याने दगा दिला. या वेळी उलटा. एकदा दाबला की दोनदा उमटे, आणि दुसऱ्या कान्याला टेकायला अक्षर नाही म्हणून संगणक तिथे ठिपक्यांचं एक वर्तुळ काढून ठेवी. बिलं करता करता कुणीतरी वर्षानुवर्षं हेच 'ई' बडवलेलं असणार, त्यात आपली दमट, खारी हवा. संपर्कावर मळ बसला की एका दाबात वीज दोनदा जोडली जाते. भाच्याने स्विचमध्ये संपर्क साफ करायच्या द्रावाचे दोन थेंब सोडले आणि मला म्हणाला, "आता शंभर वेळा दाब." दाबला. दुरुस्त झाला, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंतच.

दुसऱ्या खेपेला मी कीबोर्ड पिशवीत घालून कदंब बसने निघाले. पेडण्याहून कोलवाळचा पूल ओलांडून म्हापसा, तिथून अस्नोड्यावरून डिचोली. नवा स्विच मागवावा लागेल, आठवडाभराची कामं अडणार, हीच चिंता. भाच्याने पाठ उघडली, सोल्डरची सळई तापवली, कान्याच्या स्विचचे दोन पाय मोकळे केले आणि तो उपटला. मग कोपऱ्यातल्या 'स्क्रोल लॉक'च्या बटणाचा स्विच काढून कान्याच्या जागी बसवून डाग दिला. स्क्रोल लॉक आयुष्यात कुणी दाबतं का? पंधरा वर्षांचा जुना, पण कोरा करकरीत स्विच! खराब झालेला तिकडे गेला. खर्च शून्य, वर बहिणीकडचं जेवण.

भाच्याचे स्वतःचे कीबोर्ड निराळे. चेरीच्या पेटंटची मुदत २०१४च्या सुमारास संपली आणि गॅटेरॉन, केल, औटेमू अशा चिनी कंपन्यांच्या स्वस्त स्विचांचं पीक आलं. आता असे कीबोर्ड मिळतात की स्विच नुसता चिमट्याने उपटायचा आणि दुसरा खोचायचा, डाग देणं नको. स्पेसबार खडखडतो म्हणून त्याच्या आधाराची तार खाली आपटते तिथे तो जखमेवरच्या चिकटपट्टीचा कापडी तुकडा लावतो. खरोखर आवाज बसतो. आत पातळ फोम घालतो, तारेला ग्रीस लावतो. रंगीत दिवे मात्र मला पटत नाहीत. चतुर्थीची मखर वेगळी, कामाची जागा वेगळी.

घरच्यांची झोपमोड नको म्हणून त्याने मला लाल स्विचचा एक दिला होता. टिक नाही, लोण्यासारखा खाली जाणारा. गुळगुळीत खरा, पण माझं टाईपरायटरवरचं बोट त्यावर हरवल्यासारखं झालं. बोट नुसतं टेकलं तरी अक्षर पडायचं. चार दिवसांत परत केला. यजमान म्हणाले, "तुझी खटखट बरी. सुपारी कातरल्यासारखं वाटतं, झोप लागते."

बोटाचं दुखणं पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. पण तळाशी बटण चेपत बसावं लागत नाही, त्यामुळे संध्याकाळी शेकायची वेळ क्वचितच येते. आता शेजारची एक मुलगी शिकायला येते. तिच्यासाठी देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावले होते. पावसाने त्यांच्या कडा उलटल्या, बोटांना चिकटायला लागले. गेल्या महिन्यात सगळे खरवडून काढले. अडखळते, पण शिकते आहे.

आणि गंमत म्हणजे परवा तीच 'ममा' दारात आली. मुलाची मुंज आहे, पत्रिका करायची आहे. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "तळाला मामाचं नाव येणार हं." रात्री सगळे झोपल्यावर ती ओळ घेतली. 'मामाच्या' म्हटलं की काने तीन. तिन्ही वाजले. तरी प्रूफ काढून सकाळी यजमानांना मोठ्याने वाचायला लावलं.