वजनगटांचे बळ : सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयीन कुस्तीच्या संदर्भात

आंतरमहाविद्यालयीन कुस्तीस्पर्धेच्या निकालपत्रकात प्रत्येक वजनगटाच्या विजेत्यास सारखाच मान असतो. ५७ किलोगटातील सुवर्णपदक आणि ९७ किलोगटातील सुवर्णपदक यांत ते पत्रक भेद करीत नाही, आणि न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच होय. परंतु सरावशिबिरासाठी कोणत्या गटातून किती मल्ल घ्यावेत, मर्यादित निधीतील खुराकाचा व प्रवासाचा खर्च कोणावर करावा, असे प्रश्न उपस्थित झाले म्हणजे सर्व गटांचे बळ सारखे मानून चालत नाही. अशा वेळी निर्णय बहुधा प्रसिद्धीवर अथवा वस्तादांच्या अंदाजावर सोपविला जातो. वजनगटांच्या बळाची तुलना करण्यास काही शास्त्रीय आधार आहे काय, आणि असल्यास त्याच्या मर्यादा कोणत्या, हे पाहणे यास्तव अगत्याचे ठरते.

या प्रश्नाच्या विचारास सातारा व सांगली हे जिल्हे विशेष सोयीचे आहेत. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याच्या दक्षिण भागास संस्थानी मुलूख जोडून दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. १९६२ साली कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यापासून दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयीन मल्ल एकाच विद्यापीठाच्या स्पर्धांतून उतरत आले. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात तालमींची परंपरा जुनी असून महाविद्यालयाचा मल्ल हा पुष्कळदा तालमीचाच मल्ल असतो.

तालमीच्या परंपरेत वजनगट नव्हते; होती ती जोड. जत्रेच्या फडात वस्ताद व पंच दोन मल्लांची अंगलट, वय व तयारी नजरेने पारखून जोड लावीत. आरंभी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या, आणि अखेरीस एक नंबरची कुस्ती असा क्रम असे. या व्यवस्थेत मल्लाचे मोल इनामाच्या रकमेने ठरे, आणि मोठे इनाम बहुधा भारी अंगाच्या मल्लाच्या वाट्यास जाई. १९६१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेतही गदेचा मान जड वजनाच्या खुल्या गटास आहे. पहिल्या वर्षी तो सांगलीच्या दिनकर दह्यारी यांनी मिळविला. अर्थात जड गट म्हणजेच बलवान गट, ही समजूत या परिसरात खोल रुजलेली आहे.

इतिहास मात्र या समजुतीस पुरता अनुकूल नाही. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोगटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलोगटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या प्रवासासाठी, ते ज्या महाविद्यालयात शिकले त्या कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. उलटपक्षी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी ९७ किलोगटात फ्रीस्टाइलचे, आणि शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपत आंदळकर यांनी त्याहून जड गटात ग्रीको-रोमनचे सुवर्णपदक जिंकले. एकाच परिसराने हलक्या व जड अशा दोन्ही टोकांस थोर मल्ल दिले. परंतु थोर मल्ल ही अपवादात्मक घटना असते. तिच्यावरून त्या वजनगटाच्या सर्वसाधारण बळाचे अनुमान करता येत नाही.

तुलनेचे सर्वांत सुलभ साधन म्हणजे प्रवेशिकांची संख्या. एखाद्या गटात तीनच मल्ल उतरले, तर एकही कुस्ती न जिंकणाऱ्यास तिसरा क्रमांक मिळू शकतो. सोळा उतरले, तर बाद पद्धतीत विजेत्यास चार कुस्त्या माराव्या लागतात. तथापि ही संख्या गटांच्या आखणीवरही अवलंबून असते. २०१८ पासून पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्तीत ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७ व १२५ किलो असे दहा गट रूढ झाले. ५७ ते ६१ हे अंतर सुमारे ७ टक्क्यांचे, ७० ते ७४ हे ६ टक्क्यांहूनही थोडे कमी, परंतु ९७ ते १२५ हे जवळजवळ २९ टक्क्यांचे आहे. शिवाय सर्वसामान्य तरुणाचे वजन मधल्या गटांच्या जवळपास असल्याने तेथे मल्लांचा पुरवठाच अधिक असतो. शेवटच्या गटात शंभर किलोचा मल्ल सव्वाशे किलोच्या मल्लासमोर उभा राहू शकतो. तेथील विजयात कौशल्याचा वाटा किती आणि भाराचा किती, हे केवळ निकालावरून सांगता येत नाही.

दुसरे साधन म्हणजे चुरस. चीतपट किंवा दहा गुणांच्या आघाडीने लवकर संपणाऱ्या कुस्त्या कमी आणि पूर्ण वेळ चालून थोड्या गुणांनी निकाली होणाऱ्या अधिक, असा गट समतोल म्हणावा लागेल. परंतु समतोल म्हणजे बळ नव्हे. सारखेच कच्चे मल्लही चुरशीने लढतात. याच्या उलट, एकच मल्ल तीन वर्षे सहज जिंकत असेल, तर गट दुबळा आहे की मल्ल असामान्य आहे, हे त्या गटाच्या निकालांतून ठरत नाही. उपविजेत्यावरून गटाची खोली मोजणेही धोक्याचे आहे. आठ मल्लांच्या बाद पद्धतीत जोड्या केवळ सोडतीने लावल्या, तर दुसऱ्या क्रमांकाचा खरा मल्ल पहिल्याच्याच अर्ध्या भागात पडण्याची संभाव्यता ३/७ असते. म्हणजे सातांपैकी तीन वेळा तो अंतिम कुस्तीपूर्वीच पराभूत होण्याचा संभव असतो.

यापुढची पायरी संख्याशास्त्राची आहे. हेलसिंकीच्या त्याच वर्षी, १९५२ साली, ब्रॅडली व टेरी यांनी जोडीजोडीच्या तुलनांवरून क्रम लावण्याची रीत प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक स्पर्धकास एक बलांक दिला जातो, आणि दोघांच्या बलांकांच्या बेरजेस एकाच्या बलांकाचे जे प्रमाण, ती त्याच्या विजयाची संभाव्यता मानली जाते. बलांक ३ व १ असतील, तर पहिला चारांपैकी तीन वेळा जिंकेल अशी अपेक्षा धरावयाची. एका गटातील मल्लांचा क्रम लावण्यास ही रीत उपयुक्त आहे. मात्र गटातील सर्व बलांकांस दहाने गुणले, तरी एकाही कुस्तीचे भाकीत बदलत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे हे माप सापेक्ष असून प्रत्येक गटाचे माप स्वतंत्र आहे. ५७ व ९७ किलोगटांतील मल्ल परस्परांशी लढतच नाहीत. त्यामुळे दोन्ही मापे जोडणारा दुवा निकालपत्रकात असत नाही. एका गटातून दुसऱ्या गटात गेलेला मल्ल हा दुवा होईल असे वाटते. पण तो जातो त्या काळात स्वतःही बदललेला असतो. १९४८ मधील ५२ किलोचे आणि १९५२ मधील ५७ किलोचे जाधव यांच्यामध्ये गादीवरच्या कुस्तीचा चार वर्षांचा सराव होता. म्हणून सहाव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आले, यावरून ५७ किलोचा गट सोपा होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

यावरून असे दिसते की, 'बळ' या एका शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी एकत्र होतात. एक, गटाची अंतर्गत खोली, म्हणजे विजेत्याच्या जवळपास येणारे मल्ल किती. आणि दोन, गटाचा बाह्य कस, म्हणजे येथील मल्ल त्याच वजनाच्या बाहेरच्या मल्लांपुढे कितपत टिकतात. पहिलीसाठी प्रवेशिका, चुरस व बलांक ही साधने आहेत. दुसरीसाठी आंतरविद्यापीठ स्पर्धेतील कामगिरी हेच मुख्य साधन होय. ५७ किलोच्या मल्लाची ९७ किलोच्या मल्लाशी तुलना निरर्थक असली, तरी प्रत्येक गट आपापल्या बाहेरील समवजनी मल्लांपुढे किती पुढे जातो, हे प्रमाण गटागटांत ताडून पाहता येते. तथापि गटागणिक वर्षाला एकच प्रतिनिधी धरला, तर पाच वर्षांत पाचच निरीक्षणे हाती येतात. एका दुखापतीने वा प्रतिकूल सोडतीने त्यांचा अर्थ पालटतो. म्हणून वर्षावर्षाचा निष्कर्ष न काढता अनेक वर्षांचे निकाल एकत्र पाहणे आवश्यक आहे.

या दोन मापांच्या संयोगातून निवडीस स्पष्ट दिशा मिळते. खोली मोठी पण कस कमी अशा गटास चांगला मार्गदर्शक व बाहेरच्या मल्लांशी सराव हवा. कस मोठा पण खोली कमी असल्यास त्या एका मल्लास सरावाची जोड मिळवून दिली पाहिजे. घरी जोड नसलेला मल्ल बाहेर जाऊन अडखळतो. दोन्ही कमी असता गट दुर्लक्षिण्यापूर्वी त्याची कारणे तपासावीत. महिलांच्या गटांबाबत हे विशेषत्वाने खरे आहे. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगलीतच झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. जेथे स्पर्धेची संधीच उशिरा आली, तेथील अल्प प्रवेशिका हे गुणांच्या अभावाचे लक्षण मानता येत नाही.

अशा अभ्यासासाठी लागणारी सामग्री दुर्मीळ नाही, ती केवळ जपली पाहिजे. विजेत्यांच्या यादीबरोबर प्रत्येक कुस्तीचे गुण, निकालाचा प्रकार व वेळ, सोडतीचा तक्ता आणि वजनमापाच्या वेळी नोंदलेले खरे वजन ही माहिती महाविद्यालयांच्या क्रीडाविभागांनी दरवर्षी राखावी. वजनाच्या नोंदीवरून बळकट गट टाळण्यासाठी घाईने वजन उतरविणारे मल्लही लक्षात येतील आणि त्यांच्या प्रकृतीस होणारा अपाय रोखता येईल. फडात मोठे इनाम न मिळणाऱ्या वजनाच्या एका मल्लाने देशास पदक मिळवून दिले, ते प्रामुख्याने व्यक्तींच्या औदार्याच्या बळावर. तसा मल्ल पुन्हा निपजला, तर त्यास ओळखण्याचे काम कोणाच्या गहाण घरावर न सोडता नोंदींच्या आधारे होणे शक्य आहे.