घरासाठी तयार दारे घेताना



गळीत हंगाम संपून उसाचे पैसे हातात आले की आपल्या भागात घरांची कामे निघतात. पूर्वी सागवान आणून सुतारमेस्त्री महिना-महिना पडवीत काम करीत बसायचा. आता सागवान परवडत नाही आणि मेस्त्रीही वेळेवर मिळत नाही. त्यामुळे आतल्या खोल्यांना रंग, पॉलिश किंवा सनमायका लावून आलेली तयार दारे घेण्याकडे कल वाढला आहे. ही दारे वाईट नव्हेत. मात्र घेताना चूक झाली, तर ती नंतर रंध्याने निघत नाही.

आमच्या पाहण्यातील एका सभासदाने फरशी बसण्याआधीच सहा दारांची मापे देऊन टाकली. फरशी बसल्यावर जमीन दोन इंच वर आली व दारे बसेनात. मेस्त्रीने सहाही दारे खालून कापली. कापलेली कड उघडी राहिली, लादी धुतलेले पाणी तीत मुरले आणि पहिल्याच पावसाळ्यात दारे फुगली. दुकानदाराकडे गेले, तर दार कापले की हमी संपते हे पावतीवर छापलेलेच होते! उसाचे पैसे काही महिन्या-महिन्याला येत नाहीत. म्हणून ही माहिती देत आहोत.

दाराच्या पोटात काय आहे?

वरची चकाकी सगळ्यांची सारखीच. फरक आत असतो. भरीव फ्लश दारात लाकडी पट्ट्या घट्ट भरून त्यावर प्लाय चिकटवतात. हलक्या दारात कागदाची जाळी भरलेली असते आणि बाकी पोकळ. दार बोटाने वाजवून पाहावे व उचलून पाहावे. सात बाय तीन फुटांचे, ३० मि.मी. जाडीचे भरीव दार एकट्याने सहज उचलत नाही. भरीव दाराला तीन बिजागऱ्या लावाव्यात, दोनवर भागवू नये. पोकळ दार घेतलेच, तर कुलूप व बिजागरीच्या जागी आत लाकडी ठोकळा आहे ना, हे विचारावे. नाहीतर स्क्रू धरणार कशात?

उसाच्या बगॅसपासूनही पार्टिकल बोर्ड तयार होतात, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पण कोणताही साधा पार्टिकल बोर्ड कपाटाला ठीक, ओल्या जागेच्या दाराला नको.

चिकटवणी आणि शिक्का

प्लाय सुटते ती बहुधा चिकटवणीमुळे. युरिया जातीची चिकटवणी पाण्यात टिकत नाही, फिनॉल जातीची टिकते. दुकानदाराकडून दाराचा कापलेला तुकडा मागून घ्यावा व घरी दोन-तीन तास पाण्यात उकळावा. पापुद्रे सुटले तर ते दार घेऊ नये. लाकडी फ्लश दारासाठी भारतीय मानक आय.एस. २२०२ आहे. दारावर आय.एस.आय. शिक्का व परवाना क्रमांक पाहावा. हा क्रमांक खरा आहे की नाही, ते बी.आय.एस. केअर या मोबाईल ॲपवर घरबसल्या तपासता येते.

सनमायका दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचा हवा. एका बाजूला सनमायका व दुसरीकडे नुसता रंग असेल, तर एक बाजू हवेतली ओल जास्त घेते व दार वाकते.

माप कधी आणि कसे घ्यावे?

आधी फरशी, मग माप. चौकटीची रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी घ्यावी, उंची दोन्ही बाजूंना घ्यावी. कोपऱ्यातून कोपऱ्यात सुतळी धरून दोन्ही तिरकी मापे जुळतात का ते पाहावे. जुळली नाहीत तर चौकट गुण्यात नाही. आधी ती सुधारावी. दार कोणत्या हाताला उघडणार, तेही मागणीपत्रात लिहावे.

जुन्या वाड्याची दुरुस्ती असेल तर विशेष जपावे. जुन्या चौकटी ठेंगण्या, दोन झडपांच्या असतात. त्यात तयार माप बसत नाही. चौकट सागवानी व निरोगी असेल तर ती मोडू नये. तिच्या मापाचेच दार बनवून घ्यावे.

न्हाणीघर व संडासला लाकडी दार नकोच. तेथे पी.व्ही.सी. किंवा डब्ल्यू.पी.सी. दार घ्यावे, चौकट ग्रॅनाइटची करावी. वाळवीचाही प्रश्न राहत नाही.

दारे घरी आल्यावर

गिलावा ओला असताना दारे आणू नयेत. आणल्यावर भिंतीला टेकवून न ठेवता, खाली तीन सारख्या लाकडी पट्ट्या देऊन आडवी रचावीत. बसवताना थोडेफार तासावे लागले, तर तासलेली कड, विशेषतः खालची व वरची, त्याच दिवशी रंगाने किंवा पॉलिशने बंद करावी. तेवढ्यासाठी डब्यात थोडा रंग राखून ठेवावा.

शेवटी व्यवहाराचे. सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. पक्के बिल घ्यावे. त्यावर जाडी, भरीव की पोकळ, आय.एस. क्रमांक व हमीची मुदत लिहून घ्यावी. माल उतरवताना प्रत्येक दार उघडून, कडा पाहून मगच सही करावी. वजनकाट्यावर आपण पावती नीट पाहूनच घेतो ना? तशीच ही पाहावी.