स्टॅनेजचा कडा

इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या पश्चिमेस, उघड्या माळरानाच्या कडेला, करड्या दगडाचा एक लांबच लांब कडा उभा आहे. त्याचे नाव स्टॅनेज. त्याची लांबी सुमारे साडेपाच किलोमीटर आहे; उंची मात्र पंचवीस मीटरांहून फारशी अधिक नाही. तरीही प्रस्तरारोहण, म्हणजे कडे चढण्याची विद्या, शिकणाऱ्यांची ती नामांकित शाळा आहे.

याचे कारण त्या दगडातच आहे. सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी मोठ्या नद्यांनी वाहून आणलेली जाड वाळू त्यांच्या मुखाशी थरावर थर साचत गेली. पुढे दाबाखाली तिचा कठीण दगड बनला. गारगोटीच्या कणांमुळे तो इतका खरखरीत असतो, की त्यावर हातपाय सहसा घसरत नाहीत. पूर्वी या दगडाची जाती घडवीत. त्यांची कित्येक चाके अजूनही पायथ्याशी गवतात पडलेली दिसतात.

१८९० च्या सुमारास येथे चढाईला आरंभ झाला. आज या कड्यावर हजाराहून अधिक वाटा आहेत. प्रत्येक वाटेची प्रत ठरलेली असते. गंमत अशी, की ‘कठीण’ या प्रतीच्या वाटा आज नवशिक्यांना देतात! शंभर वर्षांपूर्वी ज्या वाटा खरोखर कठीण वाटत, त्या चांगले दोर व चांगले बूट आल्यावर सोप्या झाल्या. नाव मात्र तेच राहिले. निष्णातांसाठी अतिशय बिकट वाटाही येथेच, शेजारी शेजारी आहेत.

चढणारे बहुधा दोघे असतात. पुढचा दोर कमरेला बांधून चढतो. मागचा खाली उभा राहून तो दोर हळूहळू सोडतो. पुढचा मधूनमधून भेगांत धातूच्या पाचरी बसवितो व त्यांत दोर अडकवितो. शेवटच्या पाचरीच्या दोन मीटर वर असताना त्याचा पाय निसटला, तर तो निदान चार मीटर खाली येतो. त्या क्षणी मागच्याने दोर आवळून धरला पाहिजे. त्याचे लक्ष विचलित झाले, तर सोबत्याच्या प्राणावर बेतते. नायलॉनचा दोर ताणला जातो व पडण्याचा हिसका सोसतो. जुन्या तागाच्या दोरांत हा गुण फारसा नव्हता. म्हणून ‘पुढच्याने पडायचेच नाही’ असा त्या काळी नियम असे. स्टॅनेजवर आजही खडकात कायमचे खिळे ठोकीत नाहीत. चढणारा आपल्या पाचरी काढून नेतो आणि कडा होता तसाच राहतो.

मँचेस्टर शहरातील जो ब्राउन हा नळकामाची उमेदवारी करणारा मुलगा अशाच कड्यांवर शिकला. भेगेत पंजा सरकवून अंगठा तळव्याकडे दुमडला, की पंजा फुगून पाचरीसारखा घट्ट बसतो. या युक्तीत तो निपुण होता. १९५५ साली तो जॉर्ज बँड यांच्यासह हिमालयातील कांचनगंगेवर चढला. माथा अगदी जवळ असताना खडकाच्या एका भिंतीने वाट अडविली. त्या भिंतीत एक भेग होती. साडेआठ हजार मीटर उंचीवर, विरळ हवेत, ब्राउनने ती चढून दाखविली. कांचनगंगा सिक्कीमच्या लोकांना पवित्र. तिच्या माथ्यावर पाऊल ठेवणार नाही, असे वचन त्यांना दिलेले होते. म्हणून दोघेही काही पावले अलीकडेच थांबले व मागे फिरले.

लहान कड्यावर मन लावून शिकलेली विद्या मोठ्या पर्वतावर अशी उपयोगी पडली.