बक्षीस कोणाच्या पैशातून?

पगाराच्या दिवशी वस्तीत दोन माणसे हमखास दिसतात. एक व्याज वसूल करणारा, दुसरा ‘लकी ड्रॉ’ची पावती फाडणारा. पहिल्याला पाहून दार लावले जाते, दुसऱ्याला चहा मिळतो. आम्ही पडलो कारकून, बी.कॉम. झालेले. हिशेबात आपल्याला कोण फसवणार, असा आमचा समज. तरीही एका योजनेत आम्ही दरमहा शंभर रुपये भरू लागलो. नंबर लागला की कुकर आणि पुढचे हप्ते माफ! आठव्या महिन्यात पावतीवाला आलाच नाही. आमचे सातशे रुपये गेले, पण खरी लाज वेगळीच होती. आम्ही भरतो म्हणून शेजारच्या चार घरांनीही भरले होते.

नंतर कायदा पाहिला. सभासदांचे पैसे गोळा करून त्यातून सोडतीने बक्षिसे वाटणाऱ्या अशा योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. आधी पाहिला असता तर!

मग बक्षीस वाईटच का? तसे नाही. इंग्लंडमध्ये १९५६ साली सरकारने ‘प्रीमियम बाँड’ काढले. पहिली सोडत जून १९५७ मध्ये झाली, सर्वांत मोठे बक्षीस एक हजार पौंड होते. या बाँडवर व्याज मिळत नाही, व्याजाऐवजी बक्षिसे वाटतात. नंबर लागो न लागो, मुद्दल मागाल तेव्हा परत मिळते. ही योजना आजही चालू आहे. फरक ध्यानात घ्या. तिथे फार तर व्याज हुकते, आमच्या कुकरच्या योजनेत मुद्दलच गेले.

कर्जफेडीलाही बक्षीस देता येते. केंद्र सरकारच्या व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात तीन टक्के जादा सूट मिळते. सात टक्क्यांचे व्याज चारवर येते. यात सोडत नाही, जो फेडील त्याला मिळणारच.

हेच सूत्र आम्ही वस्तीतल्या महिला बचत गटापुढे मांडले. सावकार सहा हजारांवर महिना पाच टक्के घेतो. म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये व्याज, आणि मुद्दल जागच्या जागी. गटाचे व्याज महिना दोन टक्के, तेही उरलेल्या रकमेवर. पाचशेच्या बारा हप्त्यांत मुद्दल फिटते आणि एकूण व्याज होते ७८०. बाराही हप्ते वेळेवर दिले तर व्याजाचा चौथा हिस्सा, म्हणजे १९५ रुपये परत, शिवाय सभेत सर्वांसमोर सत्कार असे ठरले.

वर्षभर एकही हप्ता चुकला नाही. आम्ही खूश! सत्काराच्या दिवशी धुणीभांडी करणाऱ्या एका मावशी मात्र उठेनात. हळूच म्हणाल्या, “भाऊ, दोन हप्ते मी सावकाराकडून आणून भरले. सगळ्यांसमोर नाव चुकायला नको म्हणून.”

आमची मान खाली गेली. आम्ही वही पाहिली, चूल पाहिली नाही. १९५ रुपयांच्या बक्षिसासाठी त्या पुन्हा पाच टक्क्यांच्या फासात अडकल्या होत्या. गटाने तिथल्या तिथे त्यांचे सावकाराचे देणे भागवले आणि ती रक्कम त्यांच्या गटातल्या कर्जात धरली. नियमही बदलला. अडचण असेल तर हप्त्याच्या आधी सभेत सांगावे, वर्षातून दोन हप्ते पुढे ढकलता येतील, बक्षीस बुडणार नाही.

आता सभेत बायाबापड्या न लाजता अडचण सांगतात. आम्हाला तेच मोठे बक्षीस वाटते.

तेव्हा भगिनींनो, बंधूंनो, बक्षिसाचे नाव निघाले की तीन प्रश्न विचारा. मुद्दल परत मिळणार का? बक्षीस कोणाच्या पैशातून येते? आणि ते मिळवण्यासाठी नवे कर्ज तर काढावे लागत नाही ना? एकाचेही उत्तर अडखळले, तर चहा आपणच प्यावा, पावती मात्र फाडू देऊ नये.