लेकीचें नांव, लेकीचा वाटा

आमच्या जिल्ह्यास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें. जामखेड तालुक्यांतील चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरीं १७२५ सालीं जन्मलेल्या कन्येचा हा गौरव यथायोग्यच आहे. परंतु ज्या जिल्ह्यानें पाटलाच्या लेकीचें नांव मस्तकीं धारण केलें, तेथील पाटील-देशमुखांच्या सातबाऱ्यावर लेकीचें नांव किती दिवस टिकतें, हें विचारल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

जुनीं घराणीं वारशाचें वर्णन करूं लागलीं म्हणजे गढी, सनदा आणि पोळ्याचा मान यांची यादी सांगतात. परगणा व कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं, मुलकी पाटिलकी १९६२ च्या कायद्यानें गेली. उरली ती जमीन. तिचा प्रश्न निघाला कीं बहिणीस माहेरचें बोलावणें जातें, साडीचोळी होते, आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. "बहीणभावांत वाटणी कसली?" असें म्हणणारा हाच गृहस्थ सख्ख्या भावाशीं मात्र वीतभर बांधासाठीं वर्षानुवर्षें कोर्टांत झगडतो!

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतः हिस्सा दिला. मात्र तत्पूर्वीं विवाह झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनें तो भेदही काढला. त्या वेळीं वडील हयात असण्याची अट नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. स्वखुशीनें हक्क सोडण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. पण माहेर तुटेल या भयानें केलेल्या सहीस खुशी कोण म्हणेल?

अहिल्याबाईंच्या सासरचेंच उदाहरण पाहा. १७३४ सालीं पेशव्यांनीं मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांस 'खासगी' म्हणून स्वतंत्र उत्पन्न तोडून दिलें. पुढें तें अहिल्याबाईंच्या हातीं आलें, आणि त्यांतून घाट, मंदिरें, धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्त्रीच्या हातीं स्वतःची मिळकत आल्यानें होळकरांचें घराणें बुडालें काय? उलट त्याची कीर्ति काशीपर्यंत गेली.

म्हणून जयंतीस पुतळ्यास हार घालणाऱ्या प्रत्येक जमीनदारास आमची एकच विनंती आहे. हार घेऊन निघण्यापूर्वीं त्यानें आपला सातबारा काढून पाहावा. आणि बहिणीचें नांव तेथें नसेल, तर आधीं तलाठ्याकडे जावें. चौंडीच्या लेकीस तो हार अधिक शोभेल.