‘जवळच तर जायचे आहे!’

पावसाळा ओसरू लागला की रविवारी पहाटे ताम्हिणी, वरंधा किंवा माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मोटारसायकलस्वारांचे जथे दिसू लागतात. संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, खांद्यांत व कोपरांत कठीण गाद्या बसवलेले जॅकेट, गुडघ्यांना कवच असलेली विजार, मनगट झाकणारे हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट अशा थाटात ही मंडळी निघालेली असतात. सोमवारी सायंकाळी त्यांच्यापैकीच कोणी दूध किंवा भाजी आणावयास निघतो, तेव्हा अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा असतो, पायांत चपला असतात आणि हेल्मेट आरशाला अडकवलेले असते. विचारले तर उत्तर ठरलेले : ‘जवळच तर जायचे आहे!’

मोटारसायकल चालवणाऱ्याने संपूर्ण संरक्षक पोशाख नेहमीच घालावा काय, याची चर्चा बहुधा शौकिनांच्या वर्तुळात होते. वस्तुतः हा प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न आहे. महाविद्यालयात जाणारी कन्या, दुकान उघडावयास निघालेले वडील, नातवाला शाळेत सोडणारे आजोबा हे सारे दुचाकीवरच असतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांनी प्राण गमावले. त्यांपैकी ७४,८९७ जण, म्हणजे शेकडा ४४ हून अधिक, दुचाकीवर होते.

‘जवळच जायचे आहे’ या समजुतीची परीक्षा फार पूर्वी झालेली आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष घटनास्थळी जाऊन पाहणी केली आणि १९८१ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. मोटारसायकल सुरक्षेच्या अभ्यासात त्याला आजही मानाचे स्थान आहे. अपघात झालेले बहुसंख्य प्रवास हे खरेदी, किरकोळ कामे, मित्रांच्या भेटी किंवा करमणूक यांसाठी काढलेल्या छोट्या फेऱ्या होत्या आणि अपघात निघाल्यावर थोड्याच वेळात, निघाल्या ठिकाणाजवळच घडले होते, असे त्यात आढळले. वेगाविषयीचा निष्कर्षही डोळे उघडणारा आहे. निम्म्या अपघातांत संकट ओढवण्यापूर्वीचा वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आतच होता आणि प्रत्यक्ष आदळतेवेळचा मध्यक वेग तर ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. घाटातील भन्नाट धाव ज्या वेगाने होते, त्याहून हे कितीतरी कमी आहे. गावातल्या बाजारपेठेकडे जाताना आपण याच वेगाने जात असतो.

या साध्या वेगाचे गणितही एकदा मांडून पाहावे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. या वेगात वाहनावरून फेकला गेलेला माणूस कोरड्या डांबरावर घसरत थांबावयास साधारण दोन सेकंद घेतो आणि तेवढ्यात चौदा-पंधरा मीटर फरपटत जातो. सुती सदरा या घर्षणापुढे क्षणभर टिकतो. त्यानंतर घासली जाते ती त्वचा. युरोपात मोटारसायकलच्या पोशाखासाठी जे जुने मानक होते, त्यात खांदे, कोपर, गुडघे अशा धोक्याच्या जागी कापडाने घर्षणयंत्रावर किमान चार सेकंद तग धरावा, अशी अट होती. डोक्याची गोष्ट आणखी निराळी. गाडी थांबलेली असताना नुसता तोल गेला आणि दीड मीटर उंचीवरून डोके जमिनीवर आपटले, तर ते ताशी जवळजवळ २० किलोमीटर वेगाने आपटते. त्यासाठी पुढे जाण्याचीही आवश्यकता नसते.

म्हणूनच हेल्मेटचा विचार उर्वरित पोशाखाहून वेगळा करावा लागतो. त्याचा इतिहास एका प्रसिद्ध मृत्यूशी जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात अरबांच्या उठावात भाग घेतलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात, आपल्या घरापासून थोड्याच अंतरावर, सायकलवरील दोन मुलांना वाचवताना मोटारसायकलवरून फेकले गेले. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. पुढे युद्धकाळात संदेश पोहोचवणारे अनेक लष्करी मोटारसायकलस्वार डोक्याच्या दुखापतीने दगावत असल्याचे पाहून केर्न्स यांनी १९४१ मध्ये हेल्मेटच्या महत्त्वाविषयी शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट अनिवार्य केले. सामान्य नागरिकांसाठी मात्र तसा कायदा ब्रिटनमध्ये होण्यास १९७३ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १२९ हेल्मेटची सक्ती करते, आणि तिला विरोधही तितकाच जुना आहे. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये अंमलबजावणी कडक झाली, तेव्हा पुणेरी पगड्या घालून दुचाकी मोर्चा काढण्यात आला. ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही, लक्ष लागत नाही, ही कारणे त्या वेळी पुन्हा पुन्हा सांगितली गेली. हर्ट यांच्या अहवालाने नेमके हेच आक्षेप तपासले होते. हेल्मेटमुळे वाहतुकीचे महत्त्वाचे आवाज दबले, दृष्टीचे क्षेत्र अपुरे पडले किंवा थकव्याने अवधान सुटले, असे अपघाताचे कारण म्हणून एकदाही आढळले नाही. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेट मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी कमी करते. सक्ती असावी की नसावी, यावर वाद घालता येईल. घालावे की नाही, यावर आता वाद उरलेला नाही.

खरा प्रश्न मानेच्या खालून सुरू होतो. युरोपातील पाच देशांत ९२१ अपघातांचा तपशीलवार अभ्यास झाला, तेव्हा एकूण दुखापतींपैकी जवळजवळ ३२ टक्के पायांना, २४ टक्के हातांना आणि १८ टक्के डोक्याला झालेल्या आढळल्या. डोक्याची दुखापत जीव घेते हे खरे. परंतु माणसाला महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवणाऱ्या, दुकान बंद पाडणाऱ्या, परीक्षेचे वर्ष बुडवणाऱ्या दुखापती अधिक करून हातापायांच्या असतात. पडणारा माणूस सहजप्रेरणेने तळहात पुढे करतो. तळहाताची कातडी सोलवटली गेली की घास घेण्यापासून अंघोळीपर्यंत सर्वच गोष्टींसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते.

ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम यांच्या नेतृत्वाखाली अपघातग्रस्त २१२ मोटारसायकलस्वारांचा अभ्यास झाला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मोटारसायकलसाठी बनवलेले जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता २१ टक्क्यांनी, तशी विजार घातलेल्यांत ५१ टक्क्यांनी आणि हातमोजे घातलेल्यांत ५९ टक्क्यांनी कमी होती. हातमोज्यांसारख्या लहानशा वस्तूचा आकडा सर्वांत मोठा निघावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच अभ्यासाने पोशाखाच्या अंधभक्तांनाही जमिनीवर आणले. अपघातात सापडलेल्या जॅकेटांपैकी जवळजवळ ३० टक्के, विजारींपैकी २८ टक्के आणि हातमोज्यांपैकी चौथा हिस्सा ऐनवेळी फाटले, उसवले किंवा निकामी ठरले. ‘रायडिंग जॅकेट’ असे नाव छापल्याने कापडाला बळ येत नाही. आतल्या गादीवर युरोपीय मानकाचा ‘ईएन १६२१’ हा क्रमांक आहे का आणि पोशाखावर ‘ईएन १७०९२’ व त्यापुढे दर्जाचे अक्षर आहे का, हे पाहूनच वस्तू घ्यावी. अशी उत्तम वस्तूही सर्वशक्तिमान नसते. भरधाव मालमोटारीखाली सापडलेल्या माणसाला कोणतेही जॅकेट वाचवू शकत नाही, आणि कवच घातले म्हणून वेग वाढवणारा तरुण कवचाचा लाभ स्वतःच गमावून बसतो.

आता ‘नेहमीच’ या शब्दाकडे वळू. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, नागपूर किंवा चंद्रपूर येथे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा जाड जॅकेट व विजार घालून भर दुपारी सिग्नलवर उभे राहण्याचा आग्रह धरणे हे अव्यवहार्य आहे, धोक्याचेही आहे. उष्णतेने थकलेल्या माणसाचे अवधान सुटते. ऑस्ट्रेलियातही उन्हाळा कडक असतो. तेथे २०१८ पासून ‘मोटोकॅप’ या उपक्रमात प्रत्येक पोशाखाला संरक्षणाचे व हवेशीरपणाचे असे दोन वेगवेगळे गुण दिले जातात. हवा खेळती ठेवणाऱ्या जाळीदार कापडाची, परंतु खांद्या-कोपरांत प्रमाणित गाद्या असलेली जॅकेटे आता आपल्याकडेही मिळतात. जाड पोशाखाइतके घर्षण ती सोसत नाहीत. तरीही खुंटीला टांगून ठेवलेल्या उंची जॅकेटापेक्षा अंगावरचे जाळीदार जॅकेट निःसंशय बरे.

अहिंसेचा आचार पाळणाऱ्या घरांत आणखी एक अडचण पुढे येते ती चामड्याची. मोटारसायकलच्या पोशाखाची परंपरा चामड्याची आहे, आणि शर्यतीचे अनेक पोशाख तर गाईच्या वा कांगारूच्या कातड्याचे असतात. त्यामुळे ‘हे आपल्यासाठी नाही’ असे म्हणून काही कुटुंबांत हा विषयच बंद केला जातो. तशी आवश्यकता आता राहिलेली नाही. नायलॉन व पॉलिएस्टरचे चिवट प्रकार, तसेच १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या संशोधिकेने शोधलेल्या केव्हलारसारखे धागे यांच्यापासून बनलेल्या पोशाखांतही ‘एएए’ हा युरोपीय मानकातील सर्वोच्च दर्जा मिळवलेली उदाहरणे आहेत. सावध राहावे लागते ते हातमोजे आणि बूट यांच्याबाबत. कापडी दिसणाऱ्या हातमोज्याच्या तळव्याला पुष्कळदा बकरीचे कातडे लावलेले असते. चिठ्ठीवरील घटकांची यादी वाचून, दुकानदाराला विचारून, कृत्रिम सूक्ष्मतंतूंचा तळवा असलेला जोड मागता येतो.

स्त्रियांच्या पोशाखाचा विचार या सर्व चर्चेत फारच थोडा होतो. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून मागे बसण्याची आपल्याकडील पद्धत तोल आणि आधार या दोन्ही दृष्टींनी कच्ची आहे. मागच्या आसनावरील व्यक्तीचे वस्त्र चाकात अडकू नये, म्हणून मागील चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी आणि धरावयास मूठ असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो. गाडी देखणी दिसावी म्हणून ही जाळी काढून टाकणारे तरुण घरोघरी आढळतात. ओढणी व पदर यांची टोके घट्ट खोचून घेणे, शक्य तेव्हा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे आणि साडीवरही अंगभर जॅकेट चढवणे, यांस विशेष खर्च येत नाही.

खर्च हा मुद्दा मात्र गौण नाही. प्रमाणित जॅकेट, विजार, हातमोजे व बूट हा सारा संच एकदम घेणे मध्यमवर्गीय कुटुंबाला जड जाते. सर्व घ्यायचे नाही तर काहीच नको, ही वृत्ती येथे घात करते. क्रम लावला तर वाट सोपी होते. हेल्मेट तर हवेच, तेही गल्लीच्या टोकापर्यंत जाताना. त्यानंतर हातमोजे आणि घोटा झाकणारे बंद बूट; रोजच्या फेरीसाठी हे अवजड नाहीत आणि चपलांची सवय मोडली तर पाऊस-चिखलात गाडी सावरतानाही त्यांचा उपयोग होतो. मग हवेशीर जॅकेट. गुडघ्याच्या कवचासह संपूर्ण पोशाख महामार्गासाठी, घाटासाठी, लांबच्या प्रवासासाठी. तेथे मात्र त्यास सवलत नाही. वेग आणि अंतर वाढेल तसा पोशाख वाढावा, हे मान्य. परंतु हेल्मेट, हातमोजे आणि बूट ही त्याची किमान पातळी असून तिच्या खाली कोणत्याही निमित्ताने उतरू नये. वळणावर समोर आलेला कुत्रा, वाळूवरून घसरलेले चाक किंवा अचानक उघडलेले मोटारीचे दार, यांपैकी एकालाही प्रवास किती लांबीचा आहे, याच्याशी कर्तव्य नसते.

हेल्मेट घेताना आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक पाहावा. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी या मानकाबाहेरचे हेल्मेट विकणेच बेकायदेशीर आहे, तरीही रस्त्याकडेला टोपीवजा हेल्मेटे सर्रास मांडलेली दिसतात. हनुवटीखालचा पट्टा न लावलेले हेल्मेट कायद्याच्या दृष्टीनेही हेल्मेट ठरत नाही. पहिल्याच धक्क्याला ते डोक्यावरून निघून जाते. एकदा अपघातात जोराने आदळलेले हेल्मेट, बाहेरून ओरखडा दिसत नसला तरी, बदलावे लागते, कारण आतला फेसाचा थर दबून धक्का पचवतो आणि तो पुन्हा फुगून पूर्ववत होत नाही.

आणि घरात हेल्मेट एक असून भागत नाही. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. चार वर्षांखालील बालकाला त्याच्या मापाचे हेल्मेट, चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षापट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला आहे. स्कूटरच्या पुढच्या मोकळ्या जागेत मुलाला उभे करून शाळेत नेणाऱ्या बहुतेक पालकांपर्यंत तो अजून पोहोचलेला नाही.